आजाऱ्याचा वाटा

शालिक,

जे आता लिहितो आहे ते मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला नाही, तुझ्या घरी वच्छलावहिनीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिलाही नाही. तुझ्या लेकीला, मोनालीला, तुझ्या आजारपणात घरी येता येत होतं. तिच्या विद्यापीठाच्या नियमांत तशी सोय होती. ती मी माझ्या डोळ्यांनी वाचली होती. आणि तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, नाही.

परवा तुझी तेरवी झाली. पंगतीत मी वाढायला होतो. तुझा मेव्हणा पानावर बसल्या बसल्या चारचौघांत म्हणाला, "सर, तुमी होते म्हणून भाऊजीची पोट्टी तिथवर पोचली." मी वरणाची बादली घेऊन पुढच्या पानाकडे सरकलो. त्याच्या पानावर वरण वाढायचं राहूनच गेलं.

माझं हे पुस्तकी मराठी ऐकून तू हसशील, ठाऊक आहे. "काऊन गा मास्तर, शाळा तपासाले साहेब येऊन राह्यला का?" असं म्हणशील. पण गेल्या तीन महिन्यांत आपल्या बोलीत मी तुझ्याशी इतकं खोटं बोललो, की खरं बोलायला मला दुसरीकडून शब्द आणावे लागले.

अमेरिकेहून पत्र आलं तो दिवस आठव. मत्स्यशास्त्राची पदवी घेतलेली आपल्या गावातली पहिली मुलगी, मासे धरणाऱ्या ढिवराची, आणि तिला पुढच्या शिक्षणाला परदेशी बोलावणं. एकच अट होती. मूळ अभ्यासाला बसायच्या आधी दोन सत्रं त्याच विद्यापीठाच्या इंग्रजीच्या वर्गात काढायची. बाहेरच्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतो तो वर्ग. त्यात पास झाली तर पुढे, नाही तर घरी परत. तू अट ऐकलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. "इंग्रजी तं तूच शिकवली न बे तिले? कच्ची ठेवली का?" सगळे हसले, मीही हसलो. पण ते मला लागलं होतं. सगळंच सांगायचं ठरवलं आहे, म्हणून हेही सांगतो.

फॉर्मवर एक रकाना होता, अडीअडचणीला कोणाला कळवायचं म्हणून. "मास्तरचं नाव टाक," तू मोनालीला म्हणालास. "मले इंग्रजी पत्र आलं तं मी का करू? जाळ्यात धरू का त्याले?" माझं नाव गेलं, माझा ईमेल गेला. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. गावात कोणाचंही पत्र आलं, तहसीलचं असो की कोर्टाचं, ते माझ्याकडे येतं. मी वाचून सांगतो. मी सांगेन तेच त्या पत्रात लिहिलेलं असतं.

मग ती नियमांची पुस्तिका. मामा तलावाच्या, आपल्या जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीवर, मोहाच्या सावलीत, तू फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसलास आणि म्हणालास, "वाच." मी वाचून मराठीत सांगत गेलो, तू गाठी मारत गेलास. वर्गाला हजेरी किती पाहिजे. दोनदा उशीर म्हणजे एक गैरहजेरी. वर्गात आपापली भाषा बोलायची नाही. हजेरी घसरली तर आधी ताकीद, मग नाव कमी, आणि नाव कमी झालं की व्हिसा गेला. दुसऱ्यानं लिहिलेलं आपलं म्हणून द्यायचं नाही. इथं तुझा हात थांबला.

"म्हणजे दुसऱ्याच्या जाळ्यातली मरळ काढाची नाई," तू म्हणालास. "हे तं आपल्या सोसायटीतबी हाय."

तू खूश झालास. आपली पोरगी नियम असलेल्या जागी चालली, याचा तुला धीर आला होता. मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष तू, नियमाचा माणूस.

पुस्तिकेचा मागचा तिसरा हिस्सा मी वाचला नाही. नियम संपल्यावर मदतीची पानं होती. आजारी पडलं तर कोणाकडे जायचं, वर्गात मागे पडलं तर कोण शिकवणार, घरून वाईट बातमी आली तर काय करायचं. वहिनीनं चहा आणला होता. "आता काई खास नाई," म्हणून मी पुस्तिका मिटली. ही माझी मास्तरकीची जुनी खोड. सिंदेवाहीच्या कॉलेजात इतकी वर्षं मी पोरांना सूचना वाचून दाखवतो. हजेरीची सूचना मोठ्यानं वाचतो, दोनदा वाचतो. सवलतीचं परिपत्रक मात्र नोटीस बोर्डाच्या कोपऱ्यात टाचून ठेवतो. ज्याला गरज असेल तो शोधेल.

याच गोष्टीवरून आपलं भांडण झालं होतं, मारोतीच्या वेळी. सगळ्यांनी मिळून जाळं टाकायचा दिवस ठरला होता आणि मारोती दोन दिवस आधी एकटाच तलावात उतरला. तू त्याचं जाळं महिनाभर सोसायटीत जमा केलंस. त्याची बायको खाटेवर होती. मी तुझ्या अंगणात येऊन तावातावानं बोललो. "थोडं सोड न गा, शालिक. घरी आजारपन हाय त्याच्या." "नाई सोडत," एवढंच तू म्हणालास. मी चिडून चार दिवस तुझ्याकडे फिरकलो नाही. नंतर कळलं, जाळं टाकल्या दिवशी तू स्वतः टोपलं घेऊन मारोतीच्या दारी गेला होतास. ज्याच्या घरी कोणी खाटेवर आहे तो पाण्यात उतरला नाही तरी त्याचा वाटा वेगळा काढायचा, ही सोसायटीची तुझ्या आजापासूनची रीत. आजाऱ्याचा वाटा. मी म्हणालो, "एका हातानं दंड अन् दुसऱ्यानं दया, हे का नाटक हाय?" तू चिडलास. "दया नोय ते. दंडबी नियमच हाय, वाटाबी नियमच हाय. तू अर्धाच वाचतं, मास्तर."

तू अर्धाच वाचतं. गेले कित्येक दिवस मी आंघोळ करताना, फळ्यावर लिहिताना, गाडीला किक मारताना हे ऐकतो आहे.

पौषात तुझे पाय सुजले. चंद्रपूरच्या दवाखान्यात सांगितलं, दोन्ही किडन्या. मग आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या यंत्रावर. मी गाडी ठरवायचो, सोबत यायचो, तुझी फाईल माझ्या काखेत. लोक म्हणायचे, सख्खा भाऊ करत नाही एवढं मास्तर करून राह्यला. मी करत होतो, हेही खरं. ते तू पाहिलंस. दुसरं तू पाहिलं नाहीस.

तलावाला जाळं पडलं आणि पहिल्यांदा टोपलं तुझ्या घरी आलं. मारोतीच घेऊन आला. दोन मरळ आणि मूठभर झिंगे. तू खाटेवर उठून बसलास, लाजलास. "आता माह्या घरी आला वाटा," म्हणालास. मारोती म्हणाला, "घ्या न अध्यक्षसाहेब, नियम हाय." तू हसलास, त्यालाही हसू आलं. तो गेल्यावर तू टोपलं खाटेजवळ ओढून घेतलंस. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, लेकरं बाहेर असतील तर बोलावून घ्या. मी तुला सांगितलं नव्हतं, पण तुला कळलं होतं.

"मास्तर," तू म्हणालास, "पोट्टीच्या कॉलेजात असा वाटा नाई का?"

"कसा?"

"आजाऱ्याचा. म्हणजे घरी कोनी खाटेवर असन, अन् ते पंधरा दिवस आली, तं नाव कापतेत का तिचं? तू तं सारं वाचलं हाय."

आदल्याच दिवशी मी ती पुस्तिका उघडली होती. मागचा हिस्सा, पहिल्यांदाच. पान बावन्न. घरच्या माणसाचं गंभीर आजारपण किंवा मृत्यू असेल तर विद्यार्थ्यानं सल्लागाराला भेटावं, रजा मिळते, हजेरी धरली जात नाही, जागा राखून ठेवतात, व्हिसाचे कागद तेच पाहतात. इतकं सोपं इंग्रजी की अकरावीच्या पोराला समजावं.

मी म्हणालो, "नाई गा शालिक. नियम लय कडक हायेत तिथी. आली तं नाव कमी होईन."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अर्ज तर करून पाहा, साहेबाच्या हातापाया पड, काहीतरी कर. तू म्हणालास, "नियम हाय तं हाय." आणि वहिनीला हाक मारून सांगितलंस, पोरीला यातलं काही कळवायचं नाही, कोणीच कळवायचं नाही, तिचं वर्ष जाईल. घरानं तुझा शब्द पाळला. तू नियमापुढे मान झुकवतोस हे मला पक्कं माहीत होतं, शालिक. त्याच्याच भरवशावर मी खोटं बोललो.

का? मी स्वतःला सांगत होतो ते कारण तुलाही ठाऊक आहे. मी नागपूरला एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो, परीक्षा चार दिवसांवर, आणि माझा बाप इथं घरी शेवटच्या खाटेवर. तू एसटीनं आलास. परीक्षेच्या तोंडावर पालकाच्या पत्राशिवाय कोणाला सोडायचं नाही, असा वसतिगृहाचा नियम. वॉर्डन पत्र मागत होते. तू पायात चप्पल नसलेला, हातात सुकलेल्या झिंग्यांची पिशवी, सगळ्या व्हरांड्यात वास सुटलेला. तू म्हणालास, "पालकच मरून राह्यला साहेब. पत्र कोन लिहीन?" वॉर्डननी सही केली. पिशवीही ठेवून घेतली. बाप त्यानंतर तीन दिवस जगला, आणि त्या तीन दिवसांत एकदा माझ्याकडे बघून नावानं हाक मारली. तू मला माझा बाप भेटवलास.

परीक्षा बुडाली. परत जाणं झालं नाही. एम.ए. मी पुढे कधीतरी बाहेरून केलं. एकदा घरी आलेलं लेकरू परत जात नाही, हे मी अनुभवानं शिकलो होतो, असं मी स्वतःशी म्हणत होतो. मोनालीचं तसं व्हायला नको. ऐकायला किती चांगलं वाटतं.

खरं कारण याहून लहान आहे. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला होता. वर मोनालीचा फोटो, खाली माझा, आणि माझ्या नावाखाली लिहिलेलं, मार्गदर्शक. रोज गाडी आत घेताना मी तो बघायचो. ती अर्ध्यातून आली आणि राहिली, तर लोक त्या फोटोकडे बघून काय म्हणतील, हे माझ्या मनात आलं होतं. तू खाटेवर होतास तेव्हा आलं होतं.

याहून वाईट आहे ते आता लिहितो.

पोरीला काहीतरी कळलं होतं. रोज सकाळी, म्हणजे तिची संध्याकाळ, ती फोन करायची आणि "बाबा कसे हायेत?" हे तीनदा विचारायची. तिथल्या शिक्षकांच्या लक्षात आलं असावं, कारण परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागार बाईंचं मला ईमेल आलं. त्या बाईंनी मला कधी पाहिलं नाही, आपलं गाव नकाशात शोधूनही त्यांना सापडलं नसतं. लिहिलं होतं, मोनाली वर्गात असते पण तिचं लक्ष घराकडे असतं. विचारलं तर म्हणते, घरचे काही सांगत नाहीत. घरी काही अडचण असेल तर एका ओळीत कळवा. बाकी सगळं आम्ही पाहू.

एका ओळीत. मी स्टाफरूममध्ये बसून उत्तर लिहिलं. घरी सर्व ठीक आहे, काळजीचं कारण नाही, तिनं अभ्यासावर लक्ष द्यावं. पाठवण्याआधी दोनदा वाचून पाहिलं. व्याकरण बरोबर होतं. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजीच ज्याची भाषा आहे अशा माणसाला लिहिलेलं माझं हे पहिलं पत्र.

मग तो व्हिडिओ कॉल. तू लग्नातला पांढरा सदरा मागितलास. वहिनीनं तुझे केस विंचरले. हाताला सुई लावलेली होती, तो हात तू दुपट्ट्याखाली घेतलास. बाहेर चैत्राचं ऊन पेटलं होतं.

"बाबा, हात काऊन लपवला?"

"थंडी वाजून राह्यली वो."

"उन्हाळ्यात?"

"मास्तरनं कूलर आनला नं. लय हवा फेकते तो."

कूलर नव्हताच. मी फोन धरून उभा होतो, तो कधी तिरका झाला ते कळलं नाही. मोनाली म्हणाली, "सर, फोन नीट धरा न, बाबा दिसत नाई." मी नीट धरला. तू तिला विचारलंस, इंग्रजी बोलतात का सारे, तुला समजते का. ती म्हणाली, वर्गात एक पोरगी व्हिएतनामची आहे, तिचे बाबाही मासे धरतात. तुला इतका आनंद झाला. "सांगजो तिच्या बापाले, शालिकनं रामराम सांगतला म्हणून." फोन बंद झाल्यावर तू दुपट्टा बाजूला केलास आणि भिंतीकडे तोंड करून निजलास. तेव्हा मी सांगू शकलो असतो. वेळ होती अजून. मी सदऱ्याची घडी घालत बसलो.

शेवटच्या दिवशी दिवस मावळताना गाडी तुला घेऊन चंद्रपूरच्या रस्त्याला लागली. जंगल सुरू झालं. तू डोळे मिटून विचारलंस, "आता तिथी किती वाजले?"

"सकाळचे नऊ."

"वर्गात बसली असन."

"हो."

"बसू दे."

दवाखाना यायच्या आधीच तू गेलास. मी तुझा हात धरला होता. तो हात धरायचा हक्क दुसऱ्या कोणाचा होता, हे मला धरताना कळत होतं.

तिला मीच कळवलं. ती रडली नाही आधी. म्हणाली, "सर, मले आधी काऊन नाई सांगतलं?" मी म्हणालो, "बाबानंच नको म्हटलं होतं." हे खरं आहे. पुन्हा अर्धं. सल्लागार बाईंचं त्याच दिवशी ईमेल आलं, दुःख व्यक्त करणारं, आणि खाली तीच ओळ, तिला हवी तेवढी रजा आहे. मोनाली म्हणाली, "आता कोनासाठी येऊ, सर?" आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गाला गेली. एकही तास बुडवलेला नाही. बाबांना हजेरीची काळजी होती म्हणते.

काल तिनं मला एक निबंध तपासायला पाठवला. वर्गात विषय दिला होता, ज्यांच्यामुळे तुम्ही इथं पोचलात त्या माणसांविषयी लिहा. तिनं आपल्या दोघांवर लिहिलंय. तुझ्यावर दोन पानं, माझ्यावर एक. तिचं इंग्रजी आता माझ्यापेक्षा मोकळं झालंय, शालिक, कच्ची नाही राहिली. माझ्या पानावर एक वाक्य आहे. आमच्या घरी येणारं प्रत्येक पत्र सर वाचून दाखवतात, आणि बाबा म्हणायचे, मास्तरनं वाचलं म्हणजे मीच वाचलं. त्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. निबंध तसाच पडून आहे, उत्तर दिलेलं नाही.

काल तलावाला जाळं पडलं होतं. टोपलं तुझ्या दारी आलं. सुतक सरलं तरी महिनाभर येतं, ही मात्र तूच घालून दिलेली रीत. वहिनीनं त्यातली अर्धी मासळी माझ्याकडे पाठवली. सोबत निरोप, मास्तरनं आमच्यासाठी लय केलं. माझ्या बायकोनं रस्सा केला, झिंगे वेगळे परतले. मी पानावर बसलो आणि उठलो. ती विचारत राहिली काय झालं म्हणून.

मी हे कुठे छापायला दिलं, तर मोनालीनं वाचल्यानंतरच देईन. आणि तिनं वाचल्यावर ती माझ्याशी बोलेल की नाही, वहिनी मला अंगणात येऊ देईल की नाही, मला माहीत नाही. तू असतास तर माझं जाळं जमा केलं असतंस. आणि तरी माझ्या दारी टोपलं घेऊन आला असतास, हे मला ठाऊक आहे, आणि तेच मला सोसत नाही.

तू विचारलं होतंस, तिच्या कॉलेजात आजाऱ्याचा वाटा नाही का. आहे, शालिक. पान बावन्न.

हे उत्तर तुला द्यायचं होतं, ते राहून गेलं. आता मी ते मोनालीला देणं लागतो, त्या पानासकट आणि मी पाठवलेल्या त्या एका ओळीसकट. उद्या सकाळी तिचा फोन येईल. अजून मी सांगितलेलं नाही.